रील व्हायरल झाली, गाडी मात्र विकली नाही: या चुका टाळा

“आमच्या गाडीची एक रील व्हायरल करून द्या.” बेळगावापासून निपाणी-चिकोडीपर्यंत शोरूमवाले आणि जुन्या गाड्यांचे व्यापारी आता सर्रास अशी मागणी करतात. हमी देऊन असं काही करता येत नाही. लोकांना पुढे पाठवावंसं वाटेल असं काहीतरी नक्की बनवता येतं आणि पहिल्या फेरीत ते योग्य माणसांपर्यंत पोचवताही येतं. त्यापुढे सगळं लोकांच्या मर्जीवर असतं. ते पसरलं तरी त्यातून गाडी विकणं हे वेगळंच काम आहे. पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे.

व्ह्यूज लाखात, चौकशी शून्य

अशा वेळी आधी बघणारे कुठले आहेत ते तपासा. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये शहरांची यादी मिळते. तिथे पुणे, मुंबई, हैदराबाद वर आणि बेळगाव खाली असेल, तर रील करमणूक म्हणून चालली, एवढाच त्याचा अर्थ. खानापूर, हुक्केरी, गोकाक इथल्या पाच हजार जणांनी पाहिलेली साधी रील अशा वेळी जास्त कामाची.

मग फोन कोण उचलतं ते बघा. रील रविवारी रात्री पसरते आणि नंबर असतो सोमवारी दहाला उघडणाऱ्या काउंटरचा. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे कोटेशन मागून मोकळं झालेलं असतं.

वेळही चुकते. आपल्या भागात गाडीचा निर्णय पाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि उसाचं बिल यांच्याभोवती फिरतो. बिल जमा व्हायच्या आधी महिनाभर घरात बोलणं सुरू होतं, रील तेव्हा दिसायला हवी.

‘आपोआप पसरेल’ हा भ्रम

व्हायरल मार्केटिंगचं नेहमीचं उदाहरण म्हणजे १९९६ साली सुरू झालेलं हॉटमेल. प्रत्येक मेलच्या तळाशी मोफत खात्याची एक ओळ जायची आणि दीड वर्षात एक कोटीच्या वर खाती झाली. पण ती सेवा फुकट होती, दोन मिनिटांत घेता यायची आणि ती वापरणं हाच तिचा प्रसार होता. गाडीचं तसं नाही. त्यात लोन आहे, एक्स्चेंज आहे, घरच्यांची संमती आहे.

गणित करून बघा. १०० जणांनी पाहिलं आणि त्यांच्यामुळे ५० नवे आले, त्यांच्यामुळे २५, मग साधारण १२. शेवटी बेरीज २०० च्या आसपास थांबते. साखळी वाढत राहायला प्रत्येकामागे सरासरी एकाहून जास्त नवा माणूस यावा लागतो आणि तसं क्वचितच घडतं. तरीही या गणितात फायदा आहे. १०० च्या जागी १०,००० जणांपासून सुरुवात केली, तर तेवढ्याच ताकदीच्या रीलने २०,००० जण होतात. समाजशास्त्रज्ञ डंकन वॉट्स आणि बझफीड या वेबसाइटचे संस्थापक जोना पेरेटी यांनी २००७ मध्ये हेच मांडलं: सुरुवातीचा गट मोठा ठेवा, चमत्काराच्या भरवशावर राहू नका. थोडा पैसा जाहिरातीला लावून रील आपल्याच तालुक्यांत दाखवणं यात कमीपणा काहीच नाही.

जे पसरतं तेच गाडीचं नाव होतं

टाटा नॅनोएवढी चर्चा भारतात क्वचितच कुठल्या गाडीची झाली असेल. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती आली आणि ‘लाखाची गाडी’ हे शब्द जगभर गेले. पण ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का दारात उभ्या राहणाऱ्या गाडीला मानवला नाही. तशी ओळख होऊ देणं चुकलं, असं पुढे खुद्द रतन टाटा यांनी सांगितलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणून ‘बेळगावात सगळ्यात स्वस्त’ अशी ओरड करणारी रील बनवण्याआधी विचार करा. शेजाऱ्याने ते वाक्य आपल्या गाडीबद्दल म्हटलेलं गिऱ्हाइकाला आवडेल का?

उलट बाजूला व्होल्वो ट्रक्सची नोव्हेंबर २०१३ ची फिल्म बघा. दोन ट्रक एकाच वेळी रिव्हर्समध्ये चाललेत आणि अ‍ॅक्शनपटांचा हिरो जाँ-क्लोद व्हॅन डॅम दोन्हींच्या आरशांवर पाय ठेवून फाकत जातोय. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. पण नीट बघितलं तर स्टिअरिंग किती स्थिर राहतं, हे दाखवण्यासाठीच तो सगळा खटाटोप होता. करामत काढली तर गाडीचा गुण दिसत नाही आणि गुण काढला तर करामत जमत नाही. रील बनवताना हीच कसोटी लावा.

ती फिल्म स्पेनमधल्या वापरात नसलेल्या विमानतळावर चित्रित झाली होती. चोर्ला किंवा आंबोली घाटाच्या वळणांवर, धुक्यात, समोरून बस येत असताना गाडी आडवी मारून रील काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगला दंड आणि कैद दोन्ही आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या घाटातून रोज माणसं गोव्याला कामाला जातात. अशी रील एखाद्या शोरूमने टाकलेली मला अजिबात खपत नाही.

धक्का देणंही अंगाशी येतं. फोर्डच्या स्पोर्टका या छोट्या गाडीची, सनरूफमध्ये मांजराचं मुंडकं उडवणारी क्लिप २००४ मध्ये नेटवर फिरली आणि आपण ती मंजूर केलीच नव्हती, असं कंपनीला सांगत बसावं लागलं. २००६ मध्ये शेव्हरोलेने लोकांनाच टाहो या मोठ्या एसयूव्हीच्या जाहिराती बनवायला सांगितलं, तर कित्येकांनी गाडीच्या पेट्रोल पिण्यावरच जाहिराती बनवल्या. स्पर्धा लावण्याआधी आपल्या गाडीबद्दल आणि सर्व्हिसिंगबद्दल लोक काय बोलतात ते ऐकून घ्या.

सीमाभागातल्या खास चुका

कोल्हापूरच्या शोरूमची किंमत सांगणारी रील बेळगावात हमखास फिरते. ती एमएच-०९ पासिंगची किंमत असते. कर्नाटकात लाइफ टॅक्स साधारणपणे जास्त बसतो, त्यामुळे केए-२२ किंवा केए-२३ पासिंगचा ऑन-रोड आकडा ऐकून गिऱ्हाईक चिडतं आणि ‘फसवलं’ असं ग्रुपवर टाकतं. तिकडचं पासिंग करून गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर इथली नोंदणी आणि इथला टॅक्स चुकत नाही. म्हणून रीलमध्येच पासिंग कुठलं आणि किंमत एक्स-शोरूम की ऑन-रोड, हे मोठ्या अक्षरांत लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. इन्फ्लुएन्सरला पैसे दिले असतील तर तेही दाखवा.

दुसरी चूक भाषेच्या रागावर स्वार होण्याची. राग वेगाने पसरतो, हे जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांच्या २०१२ च्या अभ्यासातही दिसलं. पण सीमाप्रश्न ही १९५६ पासूनची आमची जिव्हाळ्याची गोष्ट आहे. गाडी खपवायला तिचा वापर होऊ नये. शिवाय शोरूममध्ये येणारी घरं मराठी, कन्नड, उर्दू अशी सगळीच असतात. मराठी आणि कन्नड रील वेगवेगळ्या शूट करा. एकीवर दुसरीचा आवाज चढवला की ओठ जुळत नाहीत आणि गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं.

डिलिव्हरीचा फोटो

आपल्या भागात खरोखर पसरतो तो डिलिव्हरीचा फोटो आणि शोरूमवाले नेमका तोच बिघडवतात. हार घातलेली गाडी, औक्षण करणारी आई, चाकाखाली लिंबू ठेवणारा मामा. हा फोटो संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला लागतो. तो बघणारे सगळे ओळखीचे, याच तालुक्यातले, आणि त्यातले दोघे-तिघे त्या वर्षात गाडी घेणारे असतात.

पण मागे ‘धमाका ऑफर’चा भगभगीत फ्लेक्स असतो, सेल्समन मधोमध उभा असतो आणि आजी कडेला कापली गेलेली असते. घरचे मग स्वतःच्या मोबाइलवर वेगळा फोटो काढतात आणि तुमचं नाव त्यात येतच नाही. पाठीमागची भिंत साधी ठेवा, कोपऱ्यात शोरूमचं नाव लहान असू द्या. आजीला पुढच्या सीटवर बसवून दार उघडं ठेवून एक फोटो घ्या. लिंबू फुटतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. हे सगळं तासाभरात त्यांच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. मोठ्या ग्रुपांवर ढकलत बसू नका. वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. स्टेटसला ही अडचण नाही. तुमच्या पेजवर फोटो टाकायचा असेल तर आधी विचारा आणि नंबर प्लेट झाका.

मग काउंटरवर एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला “गाडी कुठे पाहिलीत?” एवढंच विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘भावोजींच्या स्टेटसला’ हे उत्तर पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर पुढच्या महिन्याचे रीलचे पैसे चांगल्या फोटोग्राफरला द्या.