युरोपात गाडीने फिरताय? विन्येटचं आधी बघा

जर्मनीत कारला हायवेवर टोल नाही म्हणून निवांत राहू नका, ऑस्ट्रियात शिरलात की मोटरवेला विन्येट लागतं, म्हणजे ठरावीक दिवसांचा पास, आणि ते असूनही इटलीकडे जाताना ब्रेनर खिंडीतल्या मोटरवेचा टोल वेगळाच. स्वित्झर्लंडमध्ये तर मोटरवेवरून तासभर जायचं असलं तरी वर्षाचंच घ्यावं लागतं, 40 फ्रँक. इटली-फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी साधे टोलनाके, त्याचं काही टेन्शन नाही. खरी गोची इटलीतल्या जुन्या शहरांत, झेडटीएलची, म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असलेल्या भागाची, पाटी दिसली की परमिट नसताना आत घुसूच नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर घरी येतो, वर भाड्याच्या गाडीवाल्यांची फी वेगळी. हॉटेलच आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा.