लोड बॅलन्सरवर स्टिकी सेशनची पद्धत कशी निवडावी

लोड बॅलन्सर येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांत वाटतो; एकाच ग्राहकाची प्रत्येक रिक्वेस्ट त्याच सर्व्हरवर पाठवणे म्हणजे स्टिकी सेशन. ग्राहक ओळखण्यासाठी सोर्स आयपी (रिक्वेस्ट ज्या पत्त्यावरून आली तो) वापरावा की कुकी (ब्राउझर जपून ठेवतो आणि रिक्वेस्टबरोबर परत पाठवतो ती छोटी नोंद), हे ठरवण्याआधी ॲप्लिकेशन आपले सेशन, म्हणजे लॉगिन वगैरेची तात्पुरती माहिती, नेमके कोठे ठेवते ते पाहावे. सेशन रेडिससारख्या सर्व सर्व्हरांच्या सामायिक साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये असेल, तर पुढची रिक्वेस्ट कोणत्याही सर्व्हरवर गेली तरी काही बिघडत नाही आणि तेथे स्टिकी सेशन लावले, तर लोडचे वाटप मात्र विनाकारण असमान होते. पुष्कळदा ॲप्लिकेशन जुने असते, सेशन सर्व्हरच्या मेमरीत असते आणि ते बाहेर काढण्याला सवड नसते. पुढचे विवेचन अशांसाठी आहे.

त्यानंतर टीएलएस, म्हणजे ब्राउझरपासून येणारे एन्क्रिप्शन, कोठे उलगडले जाते ते पाहावे. लोड बॅलन्सर केवळ टीसीपी कनेक्शन मागे पाठवत असेल आणि एन्क्रिप्शन सर्व्हरवर उलगडत असेल, तर लोड बॅलन्सरला हेडर, म्हणजे रिक्वेस्टचा कुकी असलेला वरचा भाग, दिसतच नाहीत. त्यामुळे त्याला कुकी वाचताही येत नाही आणि घालताही येत नाही. मग बहुधा सोर्स आयपीच उरतो. पूर्वी टीएलएसच्या सेशन आयडीवरून क्लायंट ओळखत असत, पण २०१८ साली प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ मध्ये तो आयडी जुन्या उपकरणांशी जुळवून घेण्यापुरताच उरला असल्याने नव्या रचनेत त्यावर विसंबू नये.

सोर्स आयपीची पद्धत मोहक आहे, कारण ॲप्लिकेशनला हातही लावावा लागत नाही. तरीही वेबसाठी ती शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या एका संकेतस्थळावर आम्ही ती चार सर्व्हरांसमोर लावली होती. एका महाविद्यालयाची संपूर्ण संगणक प्रयोगशाळा एकाच सार्वजनिक पत्त्यावरून येत असल्याने ते सगळे विद्यार्थी एकाच सर्व्हरवर जाऊन पडले आणि उरलेले तीन सर्व्हर जवळजवळ रिकामे राहिले. घरून अर्ज भरणाऱ्यांची अडचण वेगळीच होती. पाचपैकी तीन पाने भरून झालेली, तेवढ्यात वायफाय जाऊन फोन मोबाइल डेटावर येई, पत्ता बदले आणि ‘पुढे’ दाबताच समोर लॉगिनचे पान उभे राही. मोबाइल कंपन्या सीजीनॅट (पत्ता वाटून वापरण्याची पद्धत) वापरतात तेव्हा एका सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक असतात, हेही ध्यानात ठेवावे. लोड बॅलन्सर म्हणून वापरल्या जाणाऱ्या एनजिनएक्सचा ‘आयपी हॅश’ (पत्त्यावरून गणिताने सर्व्हर ठरवण्याची पद्धत) तर आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच भाग पाहतो; म्हणजे २५६ पत्त्यांचा सबंध गट एकाच सर्व्हरवर जातो.

सोर्स आयपी वापरणे भागच असेल, तर साधा हॅश टाळावा. साध्या भागाकाराच्या हॅशमध्ये चारपैकी एक सर्व्हर बंद पडला की सुमारे तीन चतुर्थांश क्लायंटांचा सर्व्हर बदलतो. कन्सिस्टंट हॅशमध्ये केवळ बंद पडलेल्या सर्व्हरचे, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, क्लायंट हलतात. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरची स्टिक टेबल याहून बरी, कारण ती कोण कोठे गेला ते लक्षात ठेवते. मात्र दोन लोड बॅलन्सर असतील, तर ‘पीअर्स’ लावून ती टेबल दोघांत जुळती ठेवावी लागते. टेबलमधील नोंदीची मुदत ॲप्लिकेशनच्या सेशनच्या मुदतीपेक्षा कमी कधीही नसावी. एफ५ बिग-आयपी या लोड बॅलन्सरवर सोर्स आयपीची ही मुदत मुळात १८० सेकंद असते. ती तशीच ठेवली, तर चार मिनिटे एखादे पान वाचत बसलेला माणूस, ॲप्लिकेशनने तीस मिनिटांची सवलत दिलेली असूनही, दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकतो.

टीएलएस लोड बॅलन्सरवर उलगडत असेल, तर कुकी घ्यावी, आणि तीही लोड बॅलन्सरने स्वतः घातलेली. एचएप्रॉक्सीत त्यासाठी ‘इन्सर्ट’, ‘इनडायरेक्ट’ आणि ‘नोकॅश’ हे तीन शब्द एकत्र लिहावेत: पहिला कुकी घालतो, दुसरा ती मागच्या सर्व्हरपर्यंत जाऊ देत नाही आणि तिसऱ्यामुळे मधला एखादा कॅशे एकाची कुकी दुसऱ्याला देत नाही. कुकीत सर्व्हरचा खरा पत्ता जाणार नाही याचीही खात्री करावी. एफ५ची नेहमीची कुकी ‘१६७७७८७४०२.३६८९५.००००’ अशी दिसते. हे एन्क्रिप्शन नव्हे, बाइट उलटे लावले की १०.१.१.१०० हा पत्ता आणि ८०८० हा पोर्ट कोणालाही मिळतो. तेथे कुकीचे एन्क्रिप्शन चालू करावे.

पैसे भरण्याची सोय असेल, तर आणखी एक ठिकाण तपासावे, कारण येथे ग्राहकाचे खरे नुकसान होते. पेमेंट गेटवे ग्राहकाला पोस्ट रिक्वेस्टने (फॉर्मसारखी माहिती सोबत पाठवणाऱ्या) परत पाठवत असेल, तर ती रिक्वेस्ट परक्या साइटवरून आलेली ठरते. २०२० पासून क्रोम ‘सेमसाइट’ (परक्या साइटवरून येताना कुकी पाठवावी की नाही हे सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ मानू लागला, आणि अशी कुकी परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर सहसा जात नाही. ग्राहक दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचतो. पैसे गेलेले असतात आणि ऑर्डर मात्र सापडत नाही. म्हणून स्टिकी कुकीवर ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ हे दोन्ही लिहावे. ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या सेशन कुकीलाही हीच अडचण येते, तेव्हा तीही तपासावी. गेटवेच्या सर्व्हरकडून थेट येणाऱ्या वेबहूकबरोबर, म्हणजे व्यवहाराच्या सूचनेबरोबर, ब्राउझरची कुकी नसतेच. त्यामुळे व्यवहाराची स्थिती डेटाबेसमध्येच असावी लागते.

वेबबाहेरच्या प्रोटोकॉलसाठी त्यांची स्वतःची खूण वापरावी: इंटरनेटवरच्या कॉलच्या एसआयपीसाठी कॉल-आयडी, रिमोट डेस्कटॉपसाठी आरडीपी कुकी.

पद्धत लावून झाल्यावर लॉगिन करून अर्धा अर्ज भरावा, फोनचे वायफाय बंद करावे आणि पुढे जाऊन पाहावे. मग आपण ज्या सर्व्हरवर आहोत तो ‘ड्रेन’मध्ये टाकावा: आपले सेशन तेथेच चालू राहिले पाहिजे आणि नवा माणूस तेथे येता कामा नये. शेवटी तो सर्व्हर पूर्ण बंद करावा. येथे लॉगिन जाणारच, परंतु त्यानंतर एररचे पान न येता दुसऱ्या सर्व्हरवरचे लॉगिनचे पान आले पाहिजे.