गावात रेंजची बोंब असताना फॉर्म, फोटो, पैसे कसे पाठवायचे

आधी एक हिशोब समजून घ्या, काहून की बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. कंपनी स्पीड सांगते बिटमधे आणि आपली फाईल असते बाइटमधे, 8 बिटचा एक बाइट होते, म्हणून सांगितलेल्या आकड्याले 8 नं भागायचं. फोनच्या लाईनवर चालणारा जुना डायलअप मोडेम जास्तीत जास्त 56 केबीपीएसचा (सेकंदाले 56 किलोबिट) होता, म्हणजे सेकंदाले 7 केबी, 1 एमबीचा फोटो उतरवाले जवळपास अडीच मिनिटं, तेही लाईन साफ असली आणि मधातच कोणाचा फोन आला नाही तर. आता मोबाईलच्या कोपऱ्यात इंग्रजी 'ई' दिसून राहिला असंल तर तुम्ही एज म्हणजे टूजीवर आहात, आणि त्याच्यावर खरोखर 100 केबीपीएस जरी भेटले तरी 4 एमबीचा फोटो पाच-साडेपाच मिनिटं घेते. तेवढ्यात सरकारी साइट तुम्हाले लॉगआउट करून मोकळी होते. म्हणून स्पीडच्या मागं लागण्याआधी फाईल बारीक करा, अर्धं काम तिथंच होते.

सातबारा, पासबुक, टीसी यांचे फोटो कॅमेऱ्यानं सरळ काढून अपलोड करू नका. स्कॅनरवालं कोणतंही ॲप घ्या (एकदा तालुक्याले गेले की तिथंच डाउनलोड करून ठेवा), कागद ओसरीत उजेडात सपाट ठेवा, सावली पडू देऊ नका, कडा कापा आणि ब्लॅक अँड व्हाइट मोडमधे सेव्ह करा. रंगीत फोटोत कागदाचा पिवळेपणा, सतरंजीची नक्षी, तुमचा अंगठा, सगळं साठवलं जाते, ब्लॅक अँड व्हाइटमधे फक्त अक्षरं राहतात आणि साइज एकदम खाली येते. मंग झूम करून गट नंबर आणि नाव वाचता येते का ते पाहा, नाही तर तिकडचा साहेब अर्ज परत पाठवते आणि सगळी मेहनत पाण्यात. शिक्का रंगीतच पाहिजे असं साइटवर लिहिलं असंल तर मात्र रंगीत ठेवून रिझोल्यूशन कमी करा.

फॉर्म भरायची माझी पद्धत अशी आहे की आधी पहिलं पान उघडून काय काय मागतात त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, मंग नेट बंद करून नोट्समधे सगळं टाइप करून ठेवायचं, पत्ता, खाते नंबर, आयएफएससी, बापाचं नाव आधारवर जसं आहे तसंच. कागदांच्या फाईलीले 'आधार', 'पासबुक' अशी सुटसुटीत नावं देऊन एकाच फोल्डरमधे टाका. नंतर बसायचं आणि फक्त चिकटवत जायचं. गोल गोल फिरून राहिलं म्हणून सबमिटचं बटण दहादा दाबू नका बाप्पा, एखाद्या वेळी दोनदा अर्ज जाते आणि मंग ते निस्तरत बसा.

वेळही पाहा. संध्याकाळी जेवणं झाली की सगळं गाव रील पाहते आणि टॉवर एकच, त्याचाच वाटा सगळ्यांत होते. पहाटे 5 ले हेच नेट पळते. लाईन लय वेळ गेलेली असंल आणि टॉवरची बॅटरी उतरली असंल तर तुमच्या मोबाईलचा काही दोष नाही, लाईन येईपर्यंत गप बसा.

आता रेंज. त्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा पाहा. बऱ्याच मोबाईलमधे सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस इथं सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममधे (सिग्नलचा जोर मोजायचं माप) दिसते. आकडा मायनसमधे असते, म्हणून मायनसचं चिन्ह सोडून आकडा जेवढा लहान तेवढा चांगला: फोरजीले मायनस 85-90 म्हणजे मस्त, मायनस 115 च्या पुढं गेलं की राम म्हणा. आमच्याकडं टिनाच्या छपराखाली मायनस 118 आणि पडवीच्या खांबाजवळ 104, एवढाच फरक, पण तेवढ्यात फॉर्म जाते. टिन सिग्नल अडवते, त्याच्याखाली बसून नेटले शिव्या देण्यात अर्थ नाही. मोबाईल घेऊन घराभोवती, स्लॅबवर, वावराच्या धुऱ्यावर हळूहळू फिरा, प्रत्येक जागी थोडं थांबा कारण आकडा उशिरा बदलते, आणि चांगली जागा भेटली की तिथं मोबाईल ठेवून त्याच्या हॉटस्पॉटले दुसरा मोबाईल किंवा लॅपटॉप जोडून सावलीत बसून काम करा. उन्हाळ्यात मोबाईल उन्हात ठेवू नका, गरम झाला की तो स्वतःच सुस्त होते.

सिम बदलायचं असंल तर दुकानदाराले विचारू नका, शेजाऱ्याचं सिम मागून आपल्याच घरात टाकून पाहा. 700, 850, 900 मेगाहर्ट्झवाले बँड (सिग्नलच्या लहरींचे पट्टे) लांब जातात आणि भिंतीत शिरतात, 2300 वाला तिथं कमजोर पडते, म्हणून एकच कंपनी एका गावात राजा आणि दुसऱ्या गावात भिकारी असू शकते.

ऑनलाइन स्वस्तात रेंज वाढवणारे बूस्टर विकतात ते घेऊ नका. विनापरवाना बूस्टर लावणं आपल्या देशात बेकायदेशीर आहे, शिवाय त्याच्यानं टॉवरचंच नेटवर्क बिघडते आणि शेजाऱ्याचंही जाते. त्यापेक्षा बाहेरचा अँटेना जोडता येते असा फोरजी राउटर घ्या, अँटेना उंच बांबूवर टॉवरच्या दिशेनं लावा, वायर शक्य तेवढी आखूड ठेवा कारण लांब वायरमधे सिग्नल मरते. अर्थिंग जाणकाराकडून करून घ्या आणि आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच वायर काढून ठेवा.

मोबाईलमधे लपून नेट खाणारेही बंद करा: व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड, प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट, फोटोचं बॅकअप. लॅपटॉप जोडत असाल तर विंडोजमधे मीटर्ड कनेक्शन (नेट जपून वापरायची सेटिंग) चालू करा, नाही तर अपडेटच सगळं गिळते. वाचायच्या साइटसाठी ऑपेरा मिनी ब्राउझर चांगलं, किंवा फायरफॉक्समधे जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका, जाहिराती गेल्या की पान लवकर उघडते. बँकेचं काम मात्र ऑपेरा मिनीच्या डेटा बचतीत करू नका.

पैशाचं म्हणाल तर *99# डायल करून नेटशिवाय यूपीआय होते, एका वेळी 5000 रुपयांपर्यंत, फक्त काही सिमवर ते चालत नाही म्हणून गरज पडायच्या आधी एकदा बॅलन्स पाहून खात्री करा. ॲपवरून पाठवलेले पैसे 'पेंडिंग' दिसले तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका, आधी बँकेचा मेसेज पाहा, व्यवहार नंबर लिहून घ्या, आणि कृषी केंद्रवाला घाई करून राहिला असंल तर त्याले तोच नंबर दाखवा.