वावर किती पाणी पितं? डब्यानं मोजा

आमचं वावर काटोल रोडला. वर धुऱ्याकडे मुरमाड बरड, म्हणजे हलकी खडकाळ जमीन, खाली नाल्याच्या अंगानं भारी काळी. संत्रा दोन्हीकडे. दोन्हीकडे मोटर सारखाच वेळ चालवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या हातात डबा देतो.

डबा 15 सेंटीमीटर व्यासाचा घ्या, दोन्ही तोंडं कापलेला. वर फळी ठेवून 5 सेंटीमीटर ठोका. आत फडकं अंथरा, नाहीतर धारेनं माती उखडते. 440 मिलिलिटर पाणी ओतलं की 25 मिलिमीटर थर होतो. कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं ओढते, ते हिशेबात धरू नका. ते मुरलं की तेवढंच पुन्हा ओता आणि घड्याळ लावा.

वाळूसर जमिनीत तासाला 30 मिलिमीटरहून जास्त मुरतं, पोयट्यात 10 ते 20, चिकण काळीत जेमतेम 1 ते 5. म्हणून काळीत डबा रिकामा व्हायची वाट पाहू नका. आत पट्टी उभी करा, वरून झाका आणि तासाला पाणी किती उतरलं ते लिहा.

काळीत खरी फसगत मे महिन्यात होते. भेगा पडलेल्या असतात, त्यात पाणी दिसेनासं होतं आणि माणूस म्हणतो, आपली जमीन भारी निचऱ्याची! तो निचरा भेगेचा असतो. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि वेग पार खाली येतो. भेग टाळून डबा ठोका, जागा आदल्या दिवशी भिजवून ठेवा.

आता तापमान. पाणी तापलं की पातळ होतं. 20 अंशांवरचा घट्टपणा 1 धरला, तर 10 अंशांवर 1.3, 30 वर 0.8 आणि 40 वर 0.65. म्हणजे त्याच मातीत 40 अंशांचं पाणी 10 अंशांच्या दुपटीनं मुरतं. नागपुरात जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांचे आकडे शेजारी ठेवायचे तर दुरुस्ती हवीच. 10 अंशांवर 60 मिनिटं लागली, तर 60 ला 0.8 नं गुणा, 1.3 नं भागा: 30 अंशांवर साधारण 37 मिनिटं. पाणी मातीत शिरताच मातीचं तापमान घेतं, म्हणून थर्मामीटर बादलीत नको, जमिनीत खुपसा. ताप मोजायचा चालत नाही, तो साधारण 32 ते 35 च्या खाली दाखवतच नाही. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं सुरुवातीचं कढत पाणीही सोडून द्या.

पण ऊन कितीही तापलं तरी काळीचा वेग ताशी 2 मिलिमीटरवरून फार तर 4 होईल, बरडीच्या जवळपासही जाणार नाही. त्यामुळे मोटरची वेळ आधी मातीवरून ठरवा. बरडीवर थोडं थोडं, पण वारंवार द्या, एकदम दिलेलं मुळांखाली निघून जातं. काळीत ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली डबकं साचत असेल तर 2 लिटरचा लावा, मोटर जास्त वेळ चालू द्या. आणि आळं दुहेरीच करा, म्हणजे बुंध्याजवळचं आतलं आळं कोरडं आणि पाणी बाहेरच्यात; संत्र्याच्या बुंध्याशी पाणी तुंबलं की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळायचा रोग, आलाच.