दोरा की पाण्याची धार? दातांच्या फटी साफ करायचं साधन कसं निवडावं

मटणाचं जेवण झालं की पंगतीतले निम्मे लोक हात धुता धुता खराट्याची काडी शोधतात. हंगामात संत्र्याचा रेषा अडकतो, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचं फोलपट, आणि जवसाच्या चटणीला तर हंगामही लागत नाही. काडी नाही सापडली तर साडीची पिन. त्यानं अडकलेला तुकडा निघतो, हिरडी सोलते आणि खरं काम राहूनच जातं. फटीतली कीड आणि हिरडीची सूज सुरू होते ती तिथे रोज जमणाऱ्या चिकट, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरातून. काडीला तो थर सापडत नाही.

ब्रशलाही सापडत नाही. दाताच्या पाच बाजू धरल्या तर बाहेरची, आतली आणि चावायची अशा तीन बाजूंपर्यंत ब्रश पोचतो. शेजारच्या दाताला टेकलेल्या दोन बाजू तशाच राहतात. तिथला थर काढला नाही तर लाळेतल्या खनिजांमुळे काही दिवसांत त्याचं कडक कीटण होतं. मग घरचं कुठलंच साधन चालत नाही, डॉक्टरकडून स्केलिंग, म्हणजे अवजारानं कीटण खरवडून काढणं, करून घ्यावं लागतं.

या दोन बाजूंसाठी बाजारात आहे दोरा, म्हणजे फ्लॉस, आणि पाण्याची बारीक धार मारणारं मशीन, म्हणजे वॉटर फ्लॉसर. दोरा जुना आहे. लेव्ही पार्म्ली या अमेरिकन दंतवैद्यानं १८१९ च्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी दोरा वापरायला सांगितलं होतं. धारेचं मशीन अमेरिकेतल्याच कोलोरॅडोत १९६२ साली बाजारात आलं. आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकलवर दोऱ्याची डबी साधारण शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि एका माणसाला काही महिने पुरते. मशीन बहुतेक ऑनलाइनच मागवावं लागतं आणि बऱ्यापैकी मशीनला दीड-दोन हजारांच्या पुढे मोजावे लागतात.

आधी तोंड बघा, मग पैसे काढा

आरसा घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा आणि दोन दातांच्या मधे बघा.

दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील, हिरडीचा त्रिकोण मधे भरलेला असेल, तर दोरा घ्या. तरुण माणसांचं तोंड बहुधा असंच असतं. खरकट्या कढईवर नुसती धार सोडली तर भाताची शितं वाहून जातात, तळाचा चिकटा घासल्याशिवाय निघत नाही. दोऱ्यात आणि मशीनमध्ये फरक तेवढाच आहे. धार अडकलेलं अन्न आणि मऊ थर बाहेर ढकलते, हिरडीतून येणारं रक्तही तिनं कमी होतं. पण दोन दात जिथे टेकतात त्या जागी खरवडायचं काम दोराच करतो.

हिरडी खाली सरकून फटी मोकळ्या झाल्या असतील, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर पुष्कळांच्या होतात, तर दोरा त्या फटीत नुसता इकडून तिकडे फिरतो. तिथे तिसरं साधन लागतं, त्याचं नाव फार कमी लोकांना ठाऊक आहे. ते म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशच्या घडणीचा, काडीएवढा फटीचा ब्रश. मेडिकलवाल्याला 'इंटरडेंटल ब्रश' म्हणून सांगा. नसेल तर तो मागवून देतो. कोक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या ब्रशपेक्षा ब्रशसोबत दोरा किंवा फटीचा ब्रश वापरला तर हिरडीची सूज कमी राहू शकते, आणि त्या दोघांत फटीचा ब्रश थोडा सरस असू शकतो, असं त्यांना दिसलं. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. माझ्या मते मशीनसाठी पैसे साठवणाऱ्या निम्म्या लोकांचं काम या ब्रशनंच भागेल.

मशीनचा खरा उपयोग कुणाला? दातांना तारा लावलेल्यांना, पक्का ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेले खोटे दात) किंवा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला खोटा दात) असलेल्यांना, लकव्यानं एक हात गेलेल्यांना, संधिवातानं बोटं वळत नसलेल्यांना. कापूस वेचून बोटांची टोकं फाटलेल्या बाईला दोन महिने दोरा गुंडाळणं नको वाटतं, तिनं तेवढ्यापुरती दांडीची फ्लॉस मिळते ती वापरावी. त्यासाठी मशीन घ्यायची गरज नाही.

आणखी एक गट आहे, आपल्या विदर्भात मोठा. पन्नीत घोटलेल्या खर्र्यातला, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातला, सुपारीचा चुरा फटीत घट्ट बसतो, म्हणून खर्रा खाणारे लोक मशीनची चौकशी हौसेनं करतात. धारेनं चुरा निघेल. सुपारी-तंबाखूनं तोंडाच्या आतल्या कातडीचं जे व्हायचं ते थांबणार नाही. तोंड उघडलं की स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल, तर साधन निवडायचा विषय बाजूला ठेवा आणि आधी दाताच्या डॉक्टरला दाखवा. सुपारीनं तोंड आखडत जातं, आणि या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

मग घरचं पाणी बघा

मशीनच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं किंवा कुठल्याही जड बोअरचं पाणी टाकीत भरलं, तर नळीच्या बारीक तोंडाशी पांढरा क्षार धरतो. गुंडात, गिझरमध्ये धरतो तोच. धार आधी वाकडी होते, मग मंद, मग मोटर नुसती घुरघुरते. गावात आरओचं पाणी मिळत असेल तर मशीनसाठी तेच वापरा. टाकी दोन-तीनशे मिलिलिटरचीच असते. महिन्यातून एकदा पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून मशीन चालवा आणि नंतर दोनदा साध्या पाण्यानं धुवा.

पाण्यावरून आणखी एक. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, आणि त्यामुळे लहानपणापासून दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते डाग दाताच्या घडणीतलेच असतात. दोऱ्यानं, धारेनं, कोळशानं, कशानंच घासून जात नाहीत.

विजेची अडचण त्या मानानं कमी. बॅटरीचं मशीन एकदा चार्ज केलं की बरेच दिवस चालतं. फक्त ते टिनाच्या छपराखाली खिडकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथे बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं सरतं.

दोरा कसा फिरवायचा

बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून सावकाश सांगतो. शिवणाचा दोरा किंवा पोत्याची सुतळी घेऊ नका. ती तुटून फटीत अडकते किंवा हिरडी कापते.

१. हात धुवा. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा तोडा. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत धरला तर जवळपास तेवढाच भरतो.

२. जास्तीचा दोरा एका हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळा, थोडा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला. मधे दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला राहू द्या आणि तो अंगठा व तर्जनीनं धरा.

३. फटीत वरून दाबून घालू नका. करवत ओढतात तसा हळूहळू मागेपुढे करत खाली न्या. दाबलात तर तो झटक्यानं हिरडीवर आपटतो, रक्त येतं, आणि माणूस दोरा कायमचा ठेवून देतो.

४. आत गेला की एका दाताला वळसा घालून चिकटवा, अर्ध्या बांगडीसारखा. हिरडीच्या किंचित खाली नेऊन पाच-सहा वेळा वर-खाली घासा. मग त्याच फटीतल्या शेजारच्या दाताला. एका फटीत दोन दात असतात, हे विसरू नका.

५. पुढच्या फटीसाठी बोटावरून नवा दोरा सोडा. शेवटच्या दाढेची मागची बाजू सोडू नका.

दिवसातून एकदा पुरे, रात्री झोपायच्या आधी बरं. आधी दोरा, मग ब्रश केलात तर टूथपेस्ट फटीतही पोचते.

पहिल्या आठवड्यात थोडं रक्त आलं तर घाबरू नका, सुजलेली हिरडी तशीच वागते. "दोऱ्यानं दात सैल होतेत ना जी?" हा प्रश्न दर गावात येतो. होत नाहीत. कीटण निघाल्यावर जी फट दिसते ती हिरडी आधीच सरकली होती म्हणून दिसते. दोऱ्यानं किंवा स्केलिंगनं ती पाडलेली नसते.

लहान मुलांचे दोन दात एकमेकांना टेकायला लागले की फ्लॉस सुरू करता येतं, पण आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत ते आईबापानं करून द्यावं.

मशीन वापरायचं तर

न्हाणीत उभं राहा, पुढे वाका. पहिले दोन-तीन दिवस अंगभर पाणी उडणारच, म्हणून ऑफिसचे कपडे घालून करू नका. पाणी कोमट घ्या, दाब सगळ्यांत कमीवर ठेवा. टोक तोंडात घालून ओठ अर्धवट मिटल्यावरच बटण दाबा, नाहीतर समोरची भिंत धुतली जाते. धार हिरडीच्या कडेवर सरळ काटकोनात धरा, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबा, शेवटच्या दाढेपासून पुढे या. पाणी ओठांतून खाली गळू द्या. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिटाचं काम. दाब आठवडाभरानं वाढवा, तोही दुखत नसेल तर.

घरात एक मशीन आणि पाच माणसं असली तरी टोक प्रत्येकाचं वेगळं हवं. टोकांना रंगीत कड्या असतात त्या याचसाठी. वापर झाल्यावर टाकी रिकामी करून उघडी ठेवा, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो.

डॉक्टरकडे कधी

दोन आठवडे नीट साफ करूनही रक्त येत असेल, हिरडीतून पू येत असेल, दात हलत असेल, किंवा शुगर असून हिरड्या सुजल्या असतील, तर वाट बघू नका. बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दाताचे डॉक्टर असतात, येण्याचे वार आधी विचारून घ्या. मोठं काम निघालं तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला शरद पवार दंत महाविद्यालय आहे. गेलात की कोणत्या फटीत कोणत्या मापाचा ब्रश बसतो ते तिथेच बसवून बघायला सांगा आणि मापाचा नंबर लिहून आणा. घरी अंदाजानं आणलेला ब्रश बहुधा जाड निघतो.