पान वळलंय? पाणी घालण्याआधी ते उलटून बघा

पाडवा झाला, इंदूरचं ऊन तापायला लागलं आणि दरवर्षीचा प्रश्न सुरू झाला: "कुंडीतल्या झाडाची पानं वळताहेत, काय घालू?" काय घालायचं ते नंतर बघू. आधी सांगा, पान उलटून बघितलंत का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं.

इंदूरच्या दक्षिणेला निमाडात मिरचीच्या शेतांतून फिरताना मी हेच बघत आलो. शेंडा चुरमडला की शेतकरी सरळ दुकानात जातो आणि दुकानदार देईल ती बाटली पंपात ओततो. मिरचीचं पान वरच्या बाजूला वळलं तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खालच्या बाजूला वळलं तर कोळी (माइट, पानाचा रस शोषणारे बारीक जीव), ही जुनी खूण आहे. दोघांची औषधं वेगळी. पान न उलटता फवारे मारत बसल्यामुळे उभी मिरची हातची गेलेली पाहिली आहे. आता तीच चूक शहरातल्या गॅलरीत अलोकेशिया, कॅलेथिया, अरेका पाम आणि क्रोटनवर होते आहे.

रामबागेतल्या एका काकूंची अलोकेशिया गेल्या वैशाखात बघायला गेलो. पानाच्या कडा आत वळलेल्या, वरच्या बाजूला बारीक फिकट ठिपके, जणू कोणी रवा भुरभुरलाय. काकूंनी तोपर्यंत दोन टॉनिकं, थोडा युरिया आणि दुकानातून आणलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, सगळं घालून झालं होतं. पान उलटलं, खाली पांढरा कागद धरला आणि टिचकी मारली. कागदावर मिठाच्या कणांएवढे ठिपके पडले आणि चालायला लागले. बोटाने पुसले तर लालसर रेघ उमटली. देठाच्या बेचक्यात बारीक जाळं होतं. लाल कोळी. याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे, म्हणून इमिडाक्लोप्रिड त्याच्यावर चालत नाही. वर कोळ्यांना खाणारे मित्रकीटक त्यात मरतात आणि युरियाने झालेला कोवळा रसाळ पाला कोळ्यांना आयता मिळतो. काकूंनी पैसे देऊन कोळी पोसले होते. फार वाईट वाटलं, कारण पंधरा दिवस आधी नुसत्या पाण्याने काम झालं असतं.

घाई का, तर हे दिवसच कोळ्यांचे आहेत. हवा कोरडी आणि 30 अंशांच्या वर गेली की अंड्यापासून पूर्ण वाढलेला कोळी व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून आज, अगदी आज, प्रत्येक कुंडीची खालची दोन आणि मधली दोन पानं उलटा. घरातल्या आजोबांचं भिंग असेल तर घ्या.

कोळी दिसले तर:
– कुंडी मोरीत किंवा गच्चीवर न्या, मातीवर प्लास्टिक बांधा, पानांच्या खालून जोराच्या धारेने धुवा.
– जाळं धरलेली पानं कापून पिशवीत बांधून टाका. कंपोस्टमध्ये नको.
– संध्याकाळी फवारा: 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1–2 मिली सौम्य द्रव साबण. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. फवारा खालूनच मारायचा.
– दर पाचव्या दिवशी पुन्हा, निदान तीनदा. अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत.

पाण्यात विरघळणारं गंधक (80 टक्के, 2 ग्रॅम प्रति लिटर) कोळ्यांवर उत्तम, पण पारा 35 च्या वर असताना ते पानं जाळतं आणि निंबोळी तेलानंतर दोन आठवडे मारायचं नाही. म्हणजे इंदुरात आता ते नकोच. कोणी डायकोफॉल या कोळीनाशकाची जुनी बाटली काढून दिली तर घेऊ नका. 2023 पासून त्यावर बंदी आहे. फुलकिडे असतील तर चंदेरी चट्टे आणि काळे बारीक ठिपके दिसतील, नवं पान वेडंवाकडं उघडेल. त्यावरही धुणं आणि निंबोळी चालते.

खालची बाजू स्वच्छ निघाली, तरच पाण्याकडे वळा. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं आणि पान नळीसारखं आत वळलं असेल, तर तहान. ओलं लागलं, पान मऊ पडून खाली वळलं आणि मातीला कुबट वास येत असेल, तर मुळं कुजताहेत. पाणी बंद करा, झाड काढून काळी मुळं कापा.

यात आपल्या माळव्याची एक खास अडचण आहे. इथली रोपं पुष्कळदा काळ्या मातीत लावलेली मिळतात. ही माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. तुम्ही तांब्याभर पाणी घालता, ते फटीतून सरळ खालच्या बशीत येतं, तुम्हाला वाटतं पोटभर झालं, आणि आतला गोळा ठणठणीत कोरडा. अशी कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा, मग निथळू द्या. पावसाळ्यात माती बदला: 2 भाग माती, 1 भाग पानांचं खत, 1 भाग वाळू.

बोअरचं पाणी घालत असाल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर पानांची टोकं क्षारांनी करपताहेत. कॅलेथियाला नळाचं नर्मदेचं पाणी द्या.

बाकी नेहमीचं:
– पाणी सकाळी.
– पश्चिमेच्या उन्हातून आत.
– मेमध्ये खत नाही.
– कुलरचा झोत सरळ पानांवर नको.
– पानांवरची धूळ आठवड्याला ओल्या फडक्याने.

धुळीबद्दल माझा अनुभव, कुठल्या पत्रकात नाही: रस्त्याच्या बाजूची कुंडी आधी कोळ्यांना बळी पडते. एसीच्या खोलीतली त्यानंतर. कुलरच्या खोलीत, झोतापासून दूर ठेवलेली सगळ्यात जास्त टिकते, बहुधा दमट हवेमुळे. तेव्हा तपासणी रस्त्याच्या बाजूने सुरू करा. आणि मुलांच्या सुट्टीत गावाला जाणार असाल, तर पाण्याची सोय करण्याआधी पानं उलटून बघा. शेजारचे रोज पाणी घालतील, पण खाली वाकून बघणार नाहीत, आणि दहा दिवसांत कोळी एका कुंडीवरून सगळ्या गॅलरीत जातात.

कोळ्यांनी किंवा फुलकिड्यांनी एकदा वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, त्याची वाट बघू नका. उपाय लागू पडला की नाही ते पुढचं नवं पान सांगेल. ते सपाट उघडलं की फवारा थांबवा, पण टिचकी आणि पांढरा कागद पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत दर रविवारी चालू ठेवा.