लेखाचे विषय शोधायला बसण्याआधी

वही, पेन, नेट हे आलंच. नोट्सचं ॲप चालेल, एक्सेलची शीट चालेल, फक्त जागा एकच असू द्या. अर्धे विषय स्वतःलाच व्हॉट्सॲप केलेले आणि उरलेले स्क्रीनशॉटमध्ये अडकलेले असतील, तर आधी ते सगळे एका ठिकाणी आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विषय टिपताना नुसता शब्द लिहू नका. पूर्ण प्रश्न लिहा आणि पुढच्या रकान्यात तो कोणाला पडला, कुठे दिसला ते लिहा. त्याच वेळी लिहा, संध्याकाळी नाही. बागकामावर लिहिणाऱ्याने ‘पिवळी पानं’ एवढंच टिपलं, तर तीन आठवड्यांनी त्या दोन शब्दांतून काहीही निघत नाही. तेच टिपण ‘कुंडीतल्या झाडाची खालची जुनी पानं आधी पिवळी पडतायत, वरची हिरवी आहेत, बरेच महिने खत घातलेलं नाही, वाचकाची मेल’ असं असेल तर निम्मा लेख तिथेच झाला. नायट्रोजन कमी पडला की झाड तो जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. दुसरा कोणी विचारतो, नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. तिथे बहुधा लोह कमी पडतंय, म्हणजे तो लेख वेगळा. माती ओली असूनही झाड मलूल आणि पानं पिवळी असतील तर मुळं कुजली आहेत का ते बघायचं, हा तिसरा. हे तिन्ही प्रश्न दोन शब्दांत कोंबले की हाती राहतो ‘पानं पिवळी पडण्याची दहा कारणं’ छापाचा लेख, आणि तो सगळ्यांनी आधीच लिहिलेला असतो.

शोधाची सुरुवात स्वतःच्या घरातून करा: आलेल्या मेल, प्रतिक्रिया, मेसेज. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवा, भाषा सुधारू नका, कारण लोक शोधतात ते त्याच शब्दांनी. एकच प्रश्न दोन वेगळ्या माणसांनी विचारला असेल तर तो यादीत वर घ्या.

मग सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन. त्यात मागच्या 16 महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. परफॉर्मन्स अहवालात एकेक लेख निवडून त्याखालच्या क्वेरी, म्हणजे लोकांनी शोधताना टाइप केलेले शब्द, बघा. इम्प्रेशन्स (लेख शोधात किती वेळा दिसला) भरपूर, क्लिक जवळपास नाहीत आणि सरासरी स्थान दहाच्या पुढे, अशा ओळी शोधा. लोक काहीतरी विचारतायत, गूगल तुमचा लेख दाखवतंय, पण लेखात त्याचं नेमकं उत्तर नाही, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. हा तयार विषय आहे. क्वेरी जशीच्या तशी उतरवा आणि रकाना भरा: सर्च कन्सोल, अमुक लेख, अमुक तारीख. फार क्वचित शोधल्या जाणाऱ्या क्वेरी गोपनीयतेसाठी या अहवालात दाखवत नाहीत, म्हणून वाचकांच्या मेल वगळून केवळ यावर विसंबू नका.

गूगलच्या शोधपट्टीत विषय टाकून पुढे क, का, कसं, किती असं एकेक लिहा आणि येणाऱ्या सूचना बघा. इनकॉग्निटोमध्ये करा, नाहीतर तुमचेच जुने शोध सूचनांत मिसळतात. देवनागरीत एकदा, रोमन लिपीत एकदा. दोन्हीकडे वेगळे प्रश्न निघतात. गूगल ट्रेंड्स (एखादा शब्द कधी जास्त, कधी कमी शोधला गेला त्याचा आलेख) उघडलंत तर एक लक्षात ठेवा: 0 ते 100 हा शोधांचा आकडा नाही. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू 100 धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवलेलं असतं. त्याचा खरा उपयोग हंगाम ओळखायला. दर वर्षी ज्या महिन्यात उठाव दिसतो, त्याच्या दीड-दोन महिने आधी लेख तयार हवा, कारण नवं पान शोधात वर यायला वेळ लागतो.

वस्तूंच्या परीक्षणांत तीन तारेवाली वाचा. पाच तारेवाला खूश असतो, एक तारेवाला चिडलेला. ‘चांगलं आहे, पण...’ म्हणणारा तीन तारेवाला असतो आणि त्या ‘पण’नंतर विषय असतो.

इतरांचे लेख आत्ता वाचू नका. आधी वाचले की त्यांचाच क्रम आणि त्यांचीच उपशीर्षकं डोक्यात बसतात. स्वतःचे मुद्दे कागदावर उतरल्यावर काय राहिलं ते तपासायला वाचा. चॅटजीपीटीकडून पन्नास विषय मागवायचा मोह होईल. मिळतीलही, पण ‘कोणाला पडला’ हा रकाना पन्नासही ओळींत रिकामा असेल आणि लिहायला बसल्यावर नेमकं तिथेच अडेल. रकाना रिकामा असेल तर तो अजून विषय झालेला नाही.

पुढचं थोडक्यात. यादी झाली की आपल्याच साइटवर शोधा. त्या प्रश्नावर जुना लेख असेल तर नवा लिहू नका, जुना सुधारा, नाहीतर दोन्ही एकमेकांना मागे खेचतात. मग चाळणी: हे स्वतः करून, मोजून किंवा फोटो काढून दाखवता येईल का? नसेल तर बाजूला. उरलेल्यांतले चार निवडा आणि प्रत्येकाखाली उत्तराचं पहिलं वाक्य लिहा. वाक्य सुचत नसेल तर विषय अजून कच्चा आहे, राहू द्या.

उठण्याआधी रकाना वरपासून खालपर्यंत एकदा तपासा. जिथे कोण आणि कुठे नाही, ते आज आठवत असेल तर आत्ताच भरा. आठवत नसेल तर ओळ खोडा.